आराखडा लिहिणाऱ्याचं खाचर

बदलत्या हवामानाशी आमच्या खोऱ्यातल्या भातशेतीने कसं जुळवून घ्यायचं, त्याचा आराखडा करणाऱ्या समितीवर माझं नाव गेलं ते माझं अक्षर चांगलं म्हणून. इतिवृत्त लिहायला कुणीतरी हवं होतं. पाणीवाटपाच्या जुन्या वह्या मीच लिहायचो, त्यामुळे "तू लिही, बाकीचं आम्ही बघतो" असं म्हणत लोकांनी मला पुढे केलं. बाकीचं त्यांनी खरंच बघितलं. त्यातलं काय काय बघितलं ते पुढे सांगतोच.

आधी माझ्या जमिनीबद्दल सांगायला हवं, कारण त्याशिवाय ही सगळी हकीकत अर्धवट राहील. माझं भात कालव्याच्या दुसऱ्या गेटाखाली आहे. पाणी सुटलं की काही तासांत खाचर भरतं, आणि पूर आला की दीड-दोन दिवसांत ओसरतं. हवामान बदलतंय त्याची झळ मलाही लागते. पाऊस तोंडावर आलेली लावणी लांबवतो, मग चार दिवसांत महिन्याचा कोटा ओततो. भात फुलोऱ्यात असताना पारा ३५ अंशांच्या वर गेला तर परागीभवन बिघडतं आणि लोंब्यांत दाण्यांऐवजी पळंज भरतो. ते मीही भोगलंय. पण खोऱ्यात माझ्या आधी भोगणारी बरीच माणसं आहेत. हे मला समितीत गेल्यावर कळलं असं म्हटलं तर खोटं होईल. माहीत होतं, पण कधी मोजलं नव्हतं.

पहिली बैठक ऐन लावणीत ठेवली होती, सकाळी ११ वाजता. त्या वेळी खाचरात कोण असतं आणि मोकळं कोण असतं हे भात पिकवणाऱ्या कुणालाही विचारा. आलेल्यांत मालक होते, दोन ठेकेदार होते, खताचे व्यापारी होते. हजेरीपत्रकात 'महिला' असा वेगळा रकाना होता आणि तो भरल्याशिवाय इतिवृत्त मंजूर होत नाही, असं मला बजावलं होतं. मी सात सह्या घेतल्या. त्यातल्या तिघी आत बसलेल्या एका मालकाकडे थकलेली मजुरी मागायला आल्या होत्या. दारात थांबल्या होत्या, मी वही पुढे केली, त्यांनी सही केली. मी लिहिलं: 'महिलांचा सहभाग: ७.' त्या दिवशी मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही.

मार्गदर्शक पुस्तिकेत एक परिच्छेद होता. २०१५ च्या पॅरिस कराराचं सातवं कलम सांगतं की बदलत्या हवामानाशी जुळवून घेण्याचं काम लोकांना सहभागी करून, पूर्णपणे पारदर्शकपणे, स्त्री-पुरुष भेदाचं भान ठेवून आणि दुर्बल गटांचा विचार करून व्हावं. मी तो परिच्छेद सुवाच्य अक्षरात आराखड्याच्या पहिल्या पानावर उतरवला. पहिल्या पानावर तो छान दिसत होता.

नकाशा आला तेव्हा गाडं अडलं. उपग्रहाच्या चित्रांवरून तयार केलेला मोठा रंगीत नकाशा होता. वरची खाचरं हिरवी, मधली पिवळी, आणि नदीला लागून असलेली सगळी सखल पट्टी निळसर राखाडी. खाली लिहिलं होतं, 'पाणथळ, लागवडीस अयोग्य.' आमच्याबरोबर काम करायला एक तरुण कृषिशास्त्रज्ञ मुलगी आली होती. तिने विचारलं, "इथे कोणीच काही लावत नाही?" समितीतले एकमेकांकडे बघू लागले. लावतात की. त्या पट्ट्यात ४१ कुटुंबं भात लावतात, सगळी बटईने. जमीन वरच्या मालकांची, कागदावर नाव मालकांचं, बियाणं, घाम आणि पूर कसणाऱ्याचा. नकाशात ती माणसंच नव्हती, मग आराखड्यात कुठून येणार?

मुलगी हट्टी निघाली. "मला तिथे घेऊन चला," म्हणाली. पुराचं पाणी उतरून दोन दिवस झाले होते. मी, ती आणि खालच्या पट्ट्यात वीस वर्षं भात लावणाऱ्या एक काकू, असे तिघं गेलो. पाय पोटरीपर्यंत चिखलात जात होते. काकूंनी पंपघराच्या भिंतीवरच्या चिखलाच्या रेषा दाखवल्या, एकीवर एक, चार-पाच रेषा. "ही यंदाची. ही दोन सालांमागची. ही खालची आमच्या सासूबाईंच्या वेळची, तेव्हा हिलाच मोठा पूर म्हणायचे."

मग त्यांनी खाचरातलं एक रोप उपटलं. नऊ दिवस पाण्याखाली राहिलेलं. पात फिकट, लांबच लांब, केसासारखी आडवी पडलेली. काकूंनी रोपाचा बुडखा दोन बोटांत धरून दाबला. "घट्ट लागला तर जीव आहे, पिचला तर गेलं." मला दाबायला दिलं. पिचकं होतं. त्यांनी अजून सात-आठ रोपं दाबली, सगळी तशीच, आणि शेवटी हात धुतले. काही बोलल्या नाहीत.

परतीच्या वाटेवर त्या मुलीने समजावलं. नेहमीचं भात पाण्याखाली गेलं की हवेसाठी उंच वाढायला धडपडतं आणि साठवलेली सगळी ताकद त्यात घालवतं. पाणी ओसरतं तेव्हा उभं राहायला त्याच्यात काही उरलेलं नसतं. ओडिशातल्या एका जुन्या वाणात मात्र उलट गुण सापडला. ते पाण्याखाली वाढ थांबवतं, गप्प राहतं आणि पाणी उतरल्यावर फुटतं. हा गुण देणारा 'सब-१' जनुक २००६ साली नेमका ओळखला गेला. तो लोकप्रिय 'स्वर्णा' वाणात संकराने आणला आणि 'स्वर्णा सब-१' भारतात २००९ साली प्रसारित झालं. साधारण दोन आठवडे पूर्ण बुडालं तरी ते तगू शकतं. २०१३ साली ओडिशातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की या वाणाचा फायदा सामाजिकदृष्ट्या मागे राहिलेल्या शेतकऱ्यांना तुलनेने जास्त होतो, आणि त्याचं कारण सरळ आहे: पूर येणारी जमीन त्यांच्याच वाट्याला जास्त आलेली असते.

मला हे ऐकून बरं वाटलं. चला, उपाय सापडला! काकूंनी मात्र विचारलं, "आणि आमच्याकडे गुडघाभर पाणी महिना-दीड महिना तुंबून राहतं, त्याला?" मुलगी प्रामाणिक होती. तुंबून राहणाऱ्या पाण्यासाठी हा गुण नाही, त्याला वेगळे वाण आणि निचरा लागतो, असं तिने सांगितलं. म्हणजे सखल पट्ट्याच्या वरच्या अर्ध्या भागाला या बियाण्याचा उपयोग होता, अगदी खालच्या अर्ध्याला नव्हता. खालच्यांतही खालचे असतात, हे मी त्या चिखलात शिकलो.

बियाण्याचं प्रात्यक्षिक कुणाच्या शेतात घ्यायचं हे ठरवायला अर्ज मागवले. अर्जाला जमिनीचा कागद जोडायचा. पहिल्या यादीत १८ नावं आली आणि त्यातलं एकही सखल पट्ट्यातलं नव्हतं. पूर न येणाऱ्या खाचरात पूर सोसणारं भात लावायचं ठरलं होतं! हसू येईल असा प्रकार, पण नियमाप्रमाणे सगळं बिनचूक होतं.

तेव्हा मी बैठकीत पहिल्यांदा तोंड उघडलं. म्हटलं, पहिल्या पानावर आपण दुर्बल गटांचं लिहिलंय, तर कसणाऱ्यांची यादी करू. कागद नसला तर शेजारच्या दोन शेतकऱ्यांची आणि मालकाची सही चालेल. सगळ्यांनी माना डोलावल्या. मालकांच्या सह्या घ्यायला गेलो तेव्हा एकेकाला तातडीची कामं निघाली. कारण कुणी स्पष्ट बोललं नाही, पण मला कळत होतं. आज बटईदार म्हणून लिहून दिलं आणि उद्या त्याने जमिनीवर हक्क सांगितला तर?

मला कळत होतं, कारण माझंही एक लहानसं खाचर खाली आहे आणि ते मी वाट्याने दिलंय. यादी लिहिताना माझ्या बटईदाराच्या ओळीपाशी माझं पेन थांबलं. दोन दिवस थांबलं. ज्याने बैठकीत भाषण केलं त्यालाच सही करवेना. घरी बायकोने विचारलं, "तुम्ही दुसऱ्यांच्या दारात सह्या मागायला जाता, आपली केली का?" मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली.

तोडगा शेवटी काकूंच्या मुलाने काढला. यादीतून जमिनीचा क्रमांकच काढून टाका, म्हणाला. 'या हंगामात या पट्ट्यात भात लावणारं कुटुंब' एवढंच लिहा. बियाणं आणि मदत माणसाला द्यायची आहे ना, क्रमांक कशाला हवा? त्यामुळे मालकांची भीती बरीचशी गेली. ४१ पैकी २३ कुटुंबं यादीत आली. माझी सही शेवटून दुसरी आहे, वहीत कुणीही बघू शकतं. उरलेल्या १८ कुटुंबांचं अजूनही घोंगडं भिजत पडलंय.

यानंतर बांधाचा विषय आला आणि त्यात जवळजवळ सात महिने गेले.

आराखड्यातला सगळ्यात मोठा खर्च बांधाचा होता. नदीच्या उजव्या अंगाला जुना मातीचा बांध आहे, तो उंच आणि पक्का करायचा. त्याने वरची आणि मधली खाचरं सुरक्षित होणार होती. माझीही. हिशेबाचा तक्ता असा होता की खर्चाच्या प्रत्येक रुपयामागे किती पीक वाचतं ते काढायचं, आणि ज्या कामात आकडा मोठा ते काम आधी घ्यायचं. मी तो तक्ता चार वेळा स्वच्छ उतरवून काढला, तेव्हा चौथ्यांदा त्यातली मेख लक्षात आली. वरच्या खाचरात उतारा जास्त, म्हणून तिथे वाचणारं पीक जास्त आणि आकडा मोठा. खालच्या पट्ट्यात पुरामुळे उतारा आधीच निम्मा, म्हणून तिथे वाचवण्यासारखंही निम्मंच. ज्याचं आधी बुडालंय त्याला वाचवणं तक्त्याला परवडत नव्हतं. यात कुणी लबाडी केली नव्हती. बेरीज-गुणाकार बरोबरच होते.

आणि बांधाने अडलेलं पाणी जाणार कुठे? मी अभियंत्यांना विचारलं. गृहस्थ सरळ होते. "समोरच्या अंगाला आणि खाली थोडी पातळी वाढेल."
"किती?"
"फार नाही हो. वीतभर."

काकू मागे बसल्या होत्या. उठल्या, हाताचा अंगठा आणि करंगळी ताणून वीत केली आणि ती आपल्या गुडघ्यावर उभी धरली. "लावणीनंतर महिन्याचं रोप एवढं असतं," गुडघ्यापर्यंत हात, "आणि पाणी आत्ता इथवर येतं," शेंड्याच्या जरा खाली. "आता यावर तुमची वीत ठेवा." कुणी काही बोललं नाही. इतिवृत्तात हे कसं लिहावं ते मला सुचेना. शेवटी 'खालच्या भागातील पातळीवाढीबाबत चर्चा झाली' असं लिहिलं. इतिवृत्ताची भाषा ही अशी असते, वीत त्यात मावत नाही.

त्या मुलीने व्हिएतनामच्या मेकाँग त्रिभुज प्रदेशाचं उदाहरण काढलं. तिथे आन जांग प्रांतात वर्षाला तिसरं भात घेता यावं म्हणून उंच बांध घातले. पूर थांबला, पण पुराबरोबर येणारा गाळही थांबला. ज्यांना खत विकत घेणं परवडतं त्यांनी गाळाची उणीव खताने भरली, ज्यांना परवडत नाही त्यांची जमीन हळूहळू निकस होत गेली. २०१७ मध्ये तिथल्या सरकारने ठराव क्रमांक १२० काढला आणि त्या प्रदेशात निसर्गाशी झुंजण्याऐवजी त्याच्याशी जुळवून घ्यायचं धोरण स्वीकारलं. समितीतल्या एका ज्येष्ठांनी यावर विचारलं, "म्हणजे आम्ही बुडायचं का?" प्रश्न चुकीचा नव्हता. वरच्यांचंही पीक जातंच की. मीच तिथे बसून मनात तेच म्हणत होतो. फक्त माझं दोन दिवसांचं बुडणं आणि काकूंचं दोन आठवड्यांचं बुडणं एकाच शब्दात बसवलं जात होतं.

तडजोड झाली. बांध होणार, पण त्यात चार ठिकाणी दारं ठेवायची, म्हणजे सुरुवातीचं गाळाचं पाणी आत घेता येईल आणि मोठ्या पुरात ताण थोडा वाटला जाईल. बदल्यात खालच्यांना निचऱ्याचा चर आधी, बियाणं आधी आणि कालव्याच्या पाण्याची पाळीही आधी. दारं तीन झाली. चौथं ज्या सदस्याच्या शेताजवळ यायचं होतं तिथे 'जमीन भुसभुशीत' निघाली. मी त्या जागी फावडं मारून बघितलंय. असो.

पाणी वाचवण्याच्या प्रकरणाचं थोडक्यात सांगतो. खाचर कायम भरलेलं न ठेवता आलटून पालटून ओलं-कोरडं ठेवायचं. भोकं पाडलेली नळी चिखलात रोवायची, आतलं पाणी जमिनीच्या पातळीखाली १५ सेंटीमीटर गेलं की पुन्हा भरायचं, आणि फुलोऱ्यात मात्र उथळ पाणी टिकवायचं. यात पाणी वाचतं आणि भरलेल्या खाचरातून निघणारा मिथेन वायूही बराच घटतो. मिथेन घटवल्याबद्दल पैसे मिळण्याचीही बोलणी चालली होती. पण ज्याच्या खाचरातून पाणी काढताच येत नाही तो खाचर कोरडं कसं करणार? सखल पट्टा इथेही आपोआप बाहेर पडला. शिवाय कालव्याचं पाणी घेणाऱ्याला आकारणी एकरावर होते, वापरावर होत नाही. त्यामुळे वाचवलेल्या पाण्याचा वाचवणाऱ्याला फायदा शून्य, फायदा टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या माणसाला. मला वाटतं, संपूर्ण आराखड्यात वरून खाली काही वाहील असा हाच एक उपाय होता, आणि नेमका त्यालाच सगळ्यात कमी उत्साह होता.

थेट पेरणीचा विषय निघाला तेव्हा मात्र लावणी करणाऱ्या बायकांनी सभा अडवली. आता सभा संध्याकाळी होत होत्या, एवढं एक आम्ही सुधारलं होतं. रोपं करून लावणी करण्याऐवजी यंत्राने सरळ पेरलं तर पाणी वाचतं, वेळ वाचतो, मजूर वाचतात. लावणीच्या टोळीच्या म्होरक्या ताई म्हणाल्या, "भाऊ, ते वाचलेले मजूर म्हणजे आम्ही. पंधरा दिवसांची मजुरी जाणार ती तुमच्या कोणत्या रकान्यात लिहिताय?" मी तक्ता उलटसुलट बघितला. रकाना नव्हता. पुढे एक ओळ घातली: 'मजुरीवरील परिणाम तपासावा.' कोणी तपासावा, कधी, हे लिहिलं नाही. थेट पेरणीत तण जास्त येतं, त्यामुळे निंदणीला कामं वाढतील असं कुणीतरी समाधान दिलं. तणनाशकाचे व्यापारी तिथेच बसले होते. दुपारच्या उन्हात वाकून काम करणाऱ्यांसाठी वेळा बदलाव्यात, बांधावर सावली असावी, ही लावणीच्या बायकांची दुसरी मागणी 'हा शेतीचा विषय नाही' म्हणून मागे ठेवली. माझ्या हातून जे लिहायचं राहिलं त्यात याची मला सगळ्यात जास्त चुटपुट आहे.

आराखडा मंजूर झाला. ९२ पानं, अक्षर माझं. त्यातलं पाण्याच्या पाळीचं कलम ताबडतोब लागू झालं, कारण त्याला पैसे लागत नव्हते. टेलला आधी पाणी, मग वर सरकत यायचं. दुसऱ्या गेटाचा नंबर आता शेवटून दुसरा लागतो.

यंदा मधेच पावसाने ओढ दिली. अकराव्या दिवशी माझ्या खाचरातल्या नळीत पाणी १५ सेंटीमीटरच्या खाली गेलं. तेराव्या दिवशी नळी कोरडी झाली आणि बांधाच्या कडेला करंगळी जाईल एवढ्या भेगा पडल्या. भात गर्भावस्थेत होतं. रात्री नऊला बॅटरी घेऊन मी गेटावर गेलो. गेटाची किल्ली हल्ली काकूंच्या मुलाकडे असते. तो कठड्यावर बसला होता. मी म्हटलं, "अरे, दोन तास सोड. तुझ्याकडे तर भरलंय." "आमच्याकडे भरलंय, शेवटच्या चार खाचरांत अजून पोचलं नाही, दादा." "दोन तासांनी काय होतंय?"

त्याने काही न बोलता पिशवीतून पाळीची वही काढली, बॅटरीच्या उजेडात माझ्यापुढे धरली. पहिल्याच पानावर माझ्या अक्षरात लिहिलं होतं, 'टेलचं शेवटचं खाचर भरल्याखेरीज वरचं कोणतंही गेट उघडू नये. अपवाद नाही.' 'अपवाद नाही' खाली मीच दोन रेघा मारल्या होत्या.

"उद्या दुपारपर्यंत येईल," तो म्हणाला.

मी घरी आलो. पाणी दुसऱ्या दिवशी चार वाजता आलं.